बाबांची चोरीला गेलेली जावा 38 वर्षांनी दिसली, आता ती कुणाची?

प्रश्न: सर नमस्कार. माझ्या बाबांची 1971 ची जावा मोटरसायकल होती, मरून रंगाची, टाकीच्या बाजूला क्रोम. 1987 च्या गणपतीत साताऱ्यात आम्ही सगळे देखावे बघायला गेलो आणि परत येईपर्यंत घरासमोरून गाडी गायब. बाबांनी पोलिसात तक्रार दिली, दोन वर्ष चकरा मारल्या, काही झालं नाही. एका गॅरेजवाल्यावर त्यांचा संशय होता पण शेवटपर्यंत संशयच राहिला. 2006 ला बाबा गेले. गेल्या जुलैत (2025) मित्रासोबत पुण्यात जावा डेला (जावावाल्यांचा मेळावा) गेलो, तिथे सेम तशीच गाडी दिसली म्हणून जवळ गेलो, सहज हँडलखालचा फ्रेम नंबर बघितला आणि हातपाय गार पडले. नंबर मला पाठ आहे, आरसी बुक अजून आईच्या कपाटात आहे. मोबाईलवर फोटो पण काढला. इंजिन नंबर वेगळा आहे, नंबर प्लेट दुसऱ्याच जिल्ह्याची, पण फ्रेम तीच. मालक पन्नाशीचे, भला माणूस वाटला. 2009 ला एका भंगारवाल्याकडून अकरा हजाराला सांगाडा घेतला आणि नंतर दीड लाख घातले म्हणाले. मला म्हणाले बसून बघा. मी बसलो, आणि काही न बोलता निघून आलो. आई म्हणते सोडून दे, ताई म्हणते पोलिसात जा, मित्र म्हणतो दोन पोरं घेऊन जाऊ आणि उचलून आणू. गाडी कुणाची? एवढ्या वर्षांनी काही हक्क उरतो का?
— एक सातारकर

उत्तर: दादा, पत्र वाचून मी पहिलं काय केलं माहितीये, पार्किंगमध्ये जाऊन माझी विजय सुपर स्कूटर जागेवर आहे का बघून आलो. (आहे. पावसाळ्यात ती चालूच होत नाही त्यामुळे चोराला ढकलत न्यावी लागेल, तेवढीच माझी सिक्युरिटी.)

आधी सरळ उत्तर देतो. फ्रेम खरंच तीच असेल आणि बाबांनी तेव्हा विम्याचे पैसे घेतले नसतील तर कायद्याने गाडी तुमच्या घरची आहे. 38 वर्ष झाली म्हणून हक्क गेला असं नाही. पण गेल्या जुलैत तुम्ही ती गाडी बघितली ना, त्या दिवसापासून एक घड्याळ सुरू झालंय आणि ते तीन वर्षांचं आहे, आणि तुम्ही जर असेच गप्प बसून राहिलात तर मात्र हक्क खरोखर जाईल. चोरामुळे नाही, तुमच्या गप्प बसण्यामुळे. मला वाटतं ही गोष्ट तुमच्या घरात कुणालाच माहिती नाहीये, म्हणून सगळ्यात आधी सांगितली.

आता नीट बघू.

आपल्याकडे 1930 चा वस्तू विक्रीचा कायदा आहे, त्याचं कलम 27. साध्या भाषेत काय तर विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच तो पुढच्याला देऊ शकतो. चोराकडे मालकी नव्हतीच तर तो भंगारवाल्याला काय देणार आणि भंगारवाला ह्या गृहस्थांना काय देणार. मधे दहा हात बदलले, दहा पावत्या झाल्या, शेवटच्या माणसाने अगदी देवासारख्या मनाने घेतली तरी आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. लोकांचा इथे गोंधळ होतो कारण फसवणुकीत उलटं असतं. समजा बाबांनी स्वतःच गाडी कुणाला तरी विकली असती, त्याने दिलेला चेक परत आला असता, आणि बाबांनी सौदा रद्द करायच्या आत त्या माणसाने ती तिसऱ्याच प्रामाणिक माणसाला विकली असती, तर तो तिसरा जिंकला असता, कलम 29. कारण तिथे बाबांनी गाडी आपल्या हाताने दिलेली असते. चोरीत दिलेली नसते, नेलेली असते. सगळा फरक एवढाच आहे.

मुदतीचं म्हणाल तर 1963 च्या मुदत कायद्याच्या यादीत अनुच्छेद 68 आहे. हरवलेली किंवा चोरीला गेलेली ठराविक वस्तू परत मागायला तीन वर्ष, आणि ती तीन वर्ष मोजायची कधीपासून तर ती वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे हक्कदाराला पहिल्यांदा कळलं तेव्हापासून. चोरी झाली त्या दिवसापासून नाही. म्हणून 1987 ते 2025 हा काळ तुमच्या विरुद्ध धावलेला नाही. पण ह्याच कायद्याचं कलम 27 (हो, हे पण 27 च, वस्तू विक्रीवाल्याशी गल्लत करू नका) म्हणतं की मुदत संपली की नुसता दावा करायचा हक्क नाही, मालमत्तेवरचा हक्कच संपतो. म्हणजे जुलै 2028 उलटला आणि तुम्ही काहीच केलं नसेल तर त्या गृहस्थांची गाडी खऱ्या अर्थाने त्यांची होईल. तुमच्या मोबाईलमधल्या फोटोवर तारीख आहे. तो फोटो तुमचा पुरावा आहे आणि घड्याळ कधी सुरू झालं ह्याचाही पुरावा आहे, दोन्ही बाजूंनी कापतो.

एक गोष्ट मात्र आईला शांतपणे विचारा. बाबांचा गॅरेजवाल्यावर संशय होता म्हणता. नुसता संशय असेल तर काही बिघडत नाही, संशय म्हणजे कळणं नव्हे. पण बाबांनी तेव्हा त्याच्याकडे गाडी प्रत्यक्ष बघितली होती, कुठे आहे हे माहिती होतं आणि भांडण नको म्हणून सोडून दिलं, असं काही असेल तर समोरचा वकील म्हणणार की घड्याळ तेव्हाच सुरू झालं आणि 1990 च्या आसपास संपलं पण. आणि त्याच्या म्हणण्यात दम असेल. म्हणून आईला विचारताना कोर्टात विचारल्यासारखं विचारू नका, चहा पिता पिता विचारा, पण विचारा.

प्रत्येक देशात हे गणित वेगळं आहे आणि मला त्यात भयंकर रस आहे त्यामुळे थोडं भरकटतो, चालवून घ्या. इंग्लंडमध्ये चोरीची वस्तू कुणी प्रामाणिकपणे विकत घेतली की तिथून सहा वर्ष मोजतात आणि ती संपली की मूळ मालकाचा हक्क संपला, त्याला कळलेलं असो वा नसो. तुमची गाडी तिथे असती तर त्या गृहस्थांनी 2009 ला घेतली म्हणजे 2015 लाच विषय मिटला असता. जपानमध्ये तर चोरीची वस्तू प्रामाणिक खरेदीदाराकडून परत मागायला फक्त दोन वर्ष. गेरहार्ड बर्गर माहिती असेल, फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर, त्याची लाल फेरारी 1995 च्या एप्रिलमध्ये इटलीत इमोलाला रेसच्या वेळी चोरीला गेली आणि लगेच जपानला रवाना झाली. मग 2023 मध्ये तीच गाडी इंग्लंडमधल्या एका ब्रोकरमार्फत अमेरिकेतल्या माणसाने घ्यायला काढली, फेरारी कंपनीने नंबर तपासला तर चोरीची निघाली, आणि लंडनच्या पोलिसांनी तपास हातात घेतल्यावर चार दिवसांत गाडी ताब्यात घेतली. 28 वर्ष सापडत नव्हती ती चार दिवसांत सापडली, कारण कुणीतरी नंबर तपासला. बस्स, एवढंच लागतं.

पण तुमच्या केसच्या सगळ्यात जवळची जी आहे ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची. 1938 ची टॅल्बो-लागो, फ्रेंच गाडी, पाण्याच्या थेंबासारखी बॉडी, जगात मोजक्याच आहेत. एका म्हाताऱ्या मालकाने ती मिलवॉकीतल्या आपल्या जुन्या कारखान्यात सुटी करून ठेवली होती, आयुष्यभर रिस्टोअर करतोय करतोय म्हणत. (असे लोक पुण्यात प्रत्येक पेठेत एक आहेत.) 2001 मध्ये चोरांनी ट्रक लावून गाडी, पार्ट, कागदपत्रं सगळं उचललं. 2005 ला तो मालक गेला आणि गाडीचा हक्क नात्यातल्या एकाकडे आला, म्हणजे न सापडलेली गाडी वारसात आली. पुढे 2015 मध्ये एका श्रीमंत माणसाने ती सत्तर लाख डॉलरच्या आसपास पैसे मोजून घेतली, 2016 ला इलिनॉयमध्ये नावावर करायला गेला आणि तिथे सिस्टीमने सांगितलं ही चोरीची. वारसांनी गाडी मागितली, हा नाही म्हणाला, 2017 ला दावा पडला. खरेदीदाराचं म्हणणं एकच, चोरी 2001 ची, सहा वर्षांची मुदत, 2007 लाच संपली, आता कसला दावा. खालच्या कोर्टाला ते पटलं पण. वरच्या कोर्टाने फिरवलं आणि 2020 मध्ये विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की चोराने नेणं वेगळं आणि आज ज्याच्याकडे आहे त्याने मागितल्यावर न देणं वेगळं, त्याच्याविरुद्धची मुदत त्याने नाही म्हटल्यापासून मोजा. म्हणजे गाडी कुणाची हे तेव्हा ठरलं नाही, दावा चालू शकतो एवढंच ठरलं, आणि एवढं ठरायलाच तीन कोर्टं आणि तीन वर्ष गेली. आपल्याकडे मात्र घड्याळ नकारापासून नाही, कळल्यापासून सुरू होतं, म्हणून तिकडची गोष्ट वाचून निवांत बसू नका.

आता विमा. ह्याच्यावर सगळं अडू शकतं. 1987 ला दुचाकीला बहुतेक लोक थर्ड पार्टीच काढायचे, त्यात चोरीचे पैसे मिळत नाहीत. तसं असेल तर छान. पण बाबांनी कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतला असेल आणि क्लेम मिळाला असेल तर गाडीवरचा हक्क विमा कंपनीकडे गेलेला असणार, क्लेम देताना तसं लिहूनच घेतात. तेव्हा जनरल इन्शुरन्सच्या चारच सरकारी कंपन्या होत्या, चारही आजही आहेत, म्हणजे विचारायला जागा आहे. कपाटात आरसी बुक आहे तिथेच पॉलिसीचा कागद, पोलिसांचा अ समरीचा कागद (गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा तो शेरा असतो, क्लेमला लागायचा) असलं काही सापडतं का बघा. आणि आईला विचारा चोरीनंतर अचानक घरात पैसे आले होते का, दुसरी गाडी कशातून घेतली. न्यूयॉर्कमध्ये 1969 च्या जानेवारीत एकाची नवी कोरी कॉर्व्हेट चोरीला गेली होती, तेव्हा चोरीचा विमा परवडत नव्हता म्हणून घेतला नव्हता, बिचारा हळहळला असेल. 2006 च्या आसपास ती गाडी कॅलिफोर्नियाच्या बंदरात स्वीडनला जायच्या तयारीत असताना कस्टमच्या लोकांनी नंबर टाकून बघितला, जुना रिपोर्ट सापडला, आणि विमा नव्हता म्हणूनच गाडी थेट त्याला परत मिळाली. विमा असता तर ती कंपनीची झाली असती. कधी कधी गरिबी कामाला येते ती अशी.

पुढचं घरातलं. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या मालमत्तेवर आई, तुम्ही आणि ताई तिघांचा सारखा हक्क, आणि ह्यात ती गाडीपण आली. म्हणजे तुम्ही एकटे जाऊन सौदा करू शकत नाही आणि ताईनेपण एकटीने जाऊन पोलिसात देऊन मोकळं होऊ नये. आधी तिघांनी बसा आणि आपल्याला काय हवंय ते ठरवा, गाडी हवीये, पैसे हवेत, की नुसतं ती आपली होती हे कुणीतरी मान्य करायला हवंय. मी चेष्टा करत नाहीये, बऱ्याच लोकांना तिसरंच हवं असतं आणि ते कोर्टात मिळत नाही, समोरासमोर बसूनच मिळतं.

ताईच्या म्हणण्याबद्दल, पोलीस. त्यांच्याकडे जाणं चूक नाही पण ते पहिलं पाऊल करू नका असं माझं मत. चोरीची शिक्षा तेव्हा जास्तीत जास्त तीन वर्ष होती आणि तेवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने तीन वर्षांच्या आत घ्यायची असते, उशीर माफ करायची सोय आहे पण 38 वर्षांचा उशीर माफ करायला न्यायाधीशसाहेब फारच दयाळू लागतील. आणि चोर कोण, जिवंत आहे का, काही पत्ता नाही. त्या गृहस्थांवर चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा लागायला त्यांना माहिती असायला हवं होतं किंवा तसं मानायला पुरेसं कारण असायला हवं होतं, आणि जो माणूस चोरीची गाडी हजार लोकांसमोर जावा डेला आणतो आणि अनोळखी माणसाला बसून बघा म्हणतो त्याला माहिती असेल असं मला तरी वाटत नाही. पोलीस गाडी जप्त करतील, ती मुद्देमाल म्हणून स्टेशनच्या आवारात उभी राहील, आणि आवारातल्या गाड्यांचं काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल, चाकातून गवत उगवलेलं असतं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य ह्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगितलंय की गाड्या अशा पडून ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बॉन्ड घ्या आणि सोडा. त्याचा हवाला देऊन वकील अर्ज करू शकतात आणि मॅजिस्ट्रेट गाडी सुपूर्दनाम्यावर (म्हणजे निकाल लागेपर्यंत सांभाळायला) कुणाला तरी देतील, पण कुणाला हा वाद तिथेही होणारच. फक्त एक अपवाद. नंबर घासून दुसरा मारलाय किंवा कागद बनावट आहेत असं दिसलं तर ती वेगळी केस आहे, तिथे मुदतीची अडचण तशी येत नाही आणि तिथे पोलीसच हवेत.

आणि मित्राचा प्लॅन. मित्राला माझा नमस्कार सांगा आणि घरी बसवा. आपल्या फौजदारी कायद्यात चोरीच्या व्याख्येखाली उदाहरणं दिलीयेत, इंग्रजांच्या काळापासूनची, त्यात एक घड्याळजी आहे. घड्याळजीकडे माझं घड्याळ आहे, मी त्याला काही देणं लागत नाही, तरी दुकानात घुसून जबरदस्तीने काढून आणलं, तर ती चोरी नाही म्हणे, पण घुसखोरी आणि मारहाण ठरू शकते. आणि दुरुस्तीचे पैसे द्यायचे बाकी असताना, त्याने त्यापोटी घड्याळ अडवून ठेवलं असताना उचललं तर मात्र चोरी, स्वतःच्याच घड्याळाची. त्या गृहस्थांचे गाडीत दीड लाख आहेत, तुम्ही दोन पोरं घेऊन जाणार, पुढे काय काय कलमं लागतील ते मोजत बसायची मला हौस नाही. 38 वर्ष तुम्ही फिर्यादी होतात, एका दुपारीत आरोपी व्हाल.

आता ते दीड लाख. इथे मी थोडा त्यांच्या बाजूने आहे, राग मानू नका. त्यांनी घेतला तो गंजलेला सांगाडा. तुम्ही बसलात ती गाडी त्यांनी उभी केली. जावाचे ओरिजिनल पार्ट शोधणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं, म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला, तेव्हापासून लोक टाकीचं झाकण मिळवायला चार चार जिल्हे फिरतात. इंजिन पण त्यांनी दुसरं बसवलंय म्हणता, म्हणजे ते इंजिन बाबांचं नाहीच, ते त्यांचं. तुमचा हक्क फ्रेमवर आणि जे काही मूळचं उरलंय त्यावर. त्यांचा वकील कराराच्या कायद्यातलं कलम 70 काढेल, दुसऱ्यासाठी फुकटात नव्हे अशा हेतूने काही केलं आणि त्याने फायदा घेतला तर मोबदला द्यायचा असं ते कलम. तुमचा वकील म्हणेल त्यांनी काम स्वतःसाठी केलं, तुमच्यासाठी नाही. कायद्याने तुमच्या वकिलाचं पारडं जड आहे असं मला वाटतं, पण माणूस म्हणून मी तुमच्या जागी असतो तर तो खर्च दिल्याशिवाय गाडीला हात लावला नसता.

त्यांनी भंगारवाल्याकडे पैसे मागावेत हे पुस्तकातलं उत्तर. विकणाऱ्याने मालकी आहे असं गृहीत धरायला लावलेलं असतं, नसेल तर पैसे परत. 1923 ची रोलंड विरुद्ध डिव्हॉल म्हणून इंग्लंडची केस आहे, आपल्याकडे लॉ कॉलेजला सगळ्यांना शिकवतात, 334 पौंडाला घेतलेली गाडी चोरीची निघाली, काही महिने वापरून झाली होती तरी कोर्टाने सगळे पैसे परत द्यायला लावले, वापराचे कापलेसुद्धा नाहीत. पण 2009 चा भंगारवाला, बिनपावतीचे अकरा हजार, तिथून काय निघणार. आणि निघाले तरी अकरा हजारच, दीड लाख नाही.

मग करायचं काय. सगळ्यात आधी नंबरची खात्री. तुम्हाला नंबर पाठ आहे हे मान्य, पण हाताने पंच मारलेले जुने आकडे, वरून रंगाचे तीन थर, 3 चा 8 आणि 1 चा 7 दिसायला वेळ लागत नाही, आणि अशा गोष्टीत आपल्याला जे दिसायला हवंय तेच दिसतं. घरचं आरसी बुक काढा, फोटोशी एकेक आकडा ताडून बघा. ज्या आरटीओला गाडी पहिल्यांदा पासिंग झाली तिथे बी एक्स्ट्रॅक्टसाठी (गाडीच्या नोंदीचा उतारा) अर्ज करा, जुनं तीन अक्षरी नंबरचं रजिस्टर असेल, कॉम्प्युटरवर सापडलं नाही तर नाराज होऊ नका, पुष्कळ जुन्या नोंदी अजून वहीतच आहेत, माहिती अधिकारात मागा. पोलीस स्टेशनला पण त्याच कायद्याखाली 1987 च्या तक्रारीची नक्कल मागा, कदाचित मिळणार नाही, पण अर्ज केल्याची पोच तरी तुमच्याकडे राहील. ह्या कागदांचं महत्त्व किती ते सांगतो. फिलाडेल्फियातून 1970 मध्ये चोरीला गेलेली एक ऑस्टिन-हीली मालकाला 2012 मध्ये ईबेवर विकायला लावलेली दिसली, 42 वर्षांनी. पोलिसांच्या सिस्टीममध्ये ती चोरीची म्हणून दिसतच नव्हती कारण तेव्हा नंबर चुकीचा टाकला गेला होता. त्याच्याकडे मूळ टायटलचा, म्हणजे मालकीचा कागद आणि किल्ली जपून ठेवलेली होती म्हणून त्याला गाडी मिळाली. तुमच्या घरी बाबांची चावी असेलच, पण जावावाल्यांना चावीचं काय सांगायचं, एकीची दुसरीला चालायची, तो पुरावा होत नाही. आरसी बुक जपा. लॅमिनेट वगैरे करू नका.

दुसरं, त्या गृहस्थांच्या आरसीवर कुठला फ्रेम नंबर आहे हे कळणं फार महत्त्वाचं. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या धंद्यात पेपर एका गाडीचे आणि गाडी दुसरीच हा प्रकार किती चालतो तुम्हाला माहिती असेल. त्यांच्या आरसीवर बाबांच्या फ्रेमचा नंबर असेल तर मधे कुणीतरी ती नव्याने नोंदवून घेतली, आणि वेगळाच नंबर असेल तर ते स्वतःच अडचणीत आहेत आणि त्यांना ते माहिती नाहीये. ह्या दुसऱ्या शक्यतेत ते तुमच्याशी बोलायला जास्त तयार होतील, कारण 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू झालीये, रॅलीवाले बरेच जण तिकडे वळतायत, आणि तिथे कागद तपासले गेले की हे बाहेर येणारच. आज तुमच्याकडून कळलेलं बरं की उद्या काउंटरवर.

मग जाऊन भेटा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नको, तिथे नंबराचा फोटो टाकला की समोरचा घाबरून गाडी विकून मोकळा होतो. (तशी कुणकुण लागली तर मात्र वेळ न घालवता वकिलाकडून दावा आणि सोबत मनाई हुकमाचा अर्ज, विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 7 आणि 8 खाली नेमकी हीच वस्तू परत द्या म्हणून मागता येते, पैसे नकोत म्हणून सांगता येतं, बाबांची गाडी म्हटल्यावर कोर्टाला ते पटण्यासारखं आहे.) एकटे जाऊ नका, आईंना घेऊन जा. मुद्दाम सांगतोय. तुम्ही आणि ते गृहस्थ बोलायला बसलात तर ते दोन गाडीवेड्या पुरुषांचं भांडण होईल. आई बसल्या असतील तर होणार नाही. आरसी बुकची झेरॉक्स न्या, ओरिजिनल घरी ठेवा. बाबांचा गाडीसोबतचा फोटो असेल तर तो न्या. आरोप काही करू नका, एवढंच म्हणा की ही आमच्याकडची होती, 1987 ला गेली, तुमची काही चूक नाही हे आम्हाला कळतं, आता काय करूया.

माझ्या डोक्यात दोन तीन तोडगे येतात. त्यांचा खर्च देऊन गाडी घेणं हा एक, आणि मग कागद सरळ करायला आरटीओत वारसाचा फॉर्म 31 वगैरे भानगड येईल ती एजंटवर न सोडता स्वतः उभं राहून करा. दुसरा उलटा, तुम्ही तिघांनी सही करून हक्क त्यांना द्या, त्यांनी फ्रेमची ठरेल ती किंमत द्यावी, त्यांची गाडी पहिल्यांदाच खरी त्यांची होईल आणि त्यांनाही रात्री झोप लागेल. आईंचं सोडून दे ह्यात बसतं, फक्त फुकट सोडू नका आणि तोंडी सोडू नका. तिसरा, गाडी दोघांत ठेवणं, हे ऐकायला गोड वाटतं पण मी अशा भागीदारीतल्या गाड्या बघितल्यात, दुसऱ्या वर्षी कार्ब्युरेटरवरून बोलणं बंद होतं.

काहीही ठरलं तरी स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदार, फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही वेगवेगळे लिहून. काहीच ठरलं नाही, ते नाही म्हणाले, तर त्याच आठवड्यात वकिलाची नोटीस. नोटिशीने घड्याळ थांबत नाही हे मात्र लक्षात ठेवा, दावा दाखल केला तरच थांबतं, म्हणून 2028 च्या जुलैची वाट बघू नका, माझं ऐकाल तर ह्या वर्षातच काय ते करा.

आणि जाताना एक पेन्सिल आणि पातळ कागद खिशात ठेवा. बोलणं नीट झालं तर त्यांच्याच परवानगीने, त्यांच्यासमोर, हँडलखालच्या नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत पूर्वी पासिंगला घ्यायचे तशी प्रिंट. दोन काढा, एक त्यांना द्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला शेवटचा आकडा नीट दिसत नाहीये, 6 आहे का 0 ते मला अजून कळलेलं नाही.

— तुमचा सदरवाला

ता.क. मित्राला नेऊ नका.